आमची काही हरकत नाही

आमच्या शाळेत नववीत नऊ जण असे होते की ज्यांना धड वाचता येत नव्हतं. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, फक्त कागदावर कुणाला माहीत नव्हतं. कागदावर ते दरवर्षी नियमाने वरच्या वर्गात गेले होते. कुणाला मिसरूड फुटलं होतं, कुणी घरी नांगर धरत होता, पण पुस्तक समोर आलं की सगळ्यांची बोटं ओळीवर आणि नजर खिडकीबाहेर. मग वरून एक उपक्रम आला. त्याचं नाव पाच शब्दांचं होतं आणि त्यातल्या तीन शब्दांचे अर्थ मला स्वतःलाच कोशात बघावे लागले असते. मोठ्या मुलांचे शब्द वाढवले की वाचन आपोआप येतं, असं वर कुणाच्या तरी मनाने घेतलं होतं. मुख्याध्यापकांनी तो जादा तास माझ्या गळ्यात घातला, कारण मी मराठी शिकवतो आणि चारनंतर मला दुसरं काही काम नसतं असा त्यांचा समज आहे.

शाळा चिचगडच्या रस्त्यावर, आणि माझं गाव तिथून फार लांब नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझं बोलणं ऐकून ते कुणाला वाटणार नाही. बी.एड.ला असताना माझ्या ‘काऊन’ आणि ‘मले’वर वर्ग हसला होता. त्या दिवसापासून मी जीभ घासून स्वच्छ केली. इतकी, की आता आईशी बोलतानासुद्धा मी बातम्या दिल्यासारखा बोलतो. आई मला ‘साहेब’ म्हणते, आणि ते कौतुकाने म्हणत नाही.

उपक्रमाबरोबर एक पुस्तिका आली होती. रोज पाच शब्द, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. पहिल्याच दिवशी अभ्युदय, औदासीन्य, कृतार्थ, निरलस आणि प्रांजळ. प्रांजळ म्हणजे निष्कपट. निष्कपट म्हणजे काय, असं एकाने विचारलं तेव्हा मी मागचं पान उघडून पाहिलं. तिथं लिहिलं होतं, प्रांजळ. मी तेच वाचून दाखवलं आणि पुढच्या शब्दाकडे गेलो.

पुस्तिकेच्या सूचनेप्रमाणे आम्ही थर्माकोलचा एक शब्दवृक्षही केला. हिरव्या कागदाची पानं, प्रत्येक पानावर एक शब्द. डिंक पातळ असल्याने पंखा लावला की पानगळ सुरू व्हायची. मागच्या बाकावरचा एक जण रोज इमानदारीने ओरडायचा, ‘सर, कृतार्थ पडला!’ मी म्हणायचो, ‘उचल आणि चिकटव.’ महिनाभरात त्या नऊ जणांना कृतार्थ या शब्दाचा जो काही परिचय झाला, तो इतकाच.

पण उपक्रमाचा आत्मा पुस्तिकेत नव्हता, फोटोत होता. रोज तासाचा एक फोटो अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर पाच वाजायच्या आत पडला पाहिजे. शाळेच्या गावात मोबाईलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळते, तीही मोहाच्या झाडाखाली तोंड पूर्वेला करून उभं राहिलं तर. आमच्या भागातले तलाव आमच्यासारख्याच शेतकरी घरांच्या पूर्वजांनी खोदले. त्यांनी पाळ घातली ती पाणी अडवायला, आणि मी तिच्यावर रोज साडेचारला फोन उंच धरून उभा राहायचो. म्हशी धुणारी माणसं माझ्याकडे बघायची आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

त्या नऊ जणांत एक मुलगी होती. वर्गात सगळ्यांत उंच, सोळा वर्षांची, आणि जिभेला हाड नसलेली. काना, मात्रा, वेलांटी नसलेले शब्द ती खणखणीत वाचायची. कमळ, नवल, गवत. जोडाक्षर आलं की मात्र थांबायची, त्या अक्षराकडे असं बघायची की चूक त्याची आहे, आणि ते वगळून पुढे जायची. हिने एक वाईट सवय लावून घेतली होती. यादीत नसलेले शब्द ती रोज घेऊन यायची.

‘सर, सदर म्हंजे नागपूरवाला सदर मोहल्ला ना?’

‘सदर म्हणजे हा. प्रस्तुत.’

‘प्रस्तुत म्हंजे का?’

‘सदर,’ मी म्हणालो, आणि तिने माझ्याकडे जोडाक्षराकडे बघावं तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ‘गट’ आला, तिसऱ्या दिवशी ‘मुदत’. शेवटी मी वैतागून विचारलं, हे शब्द कुठून उचलून आणतेस? तेव्हा तिने सांगितलं.

‘आमच्या बांधीचा धुरा बाजूवाला सरकवून राहिला, सर. दरवर्षी वीतभर. नांगर घालते न् खाते. बाबा होते तवा त्याची हिंमत नोती. आता त्यानंच मोजनी बलावली. आमच्या घरी कागद आला आहे. माय म्हन्ते, तू येवढी नववीत आहेस, वाच. म्या का सांगू तिले? जेवढे अक्षर सादे आहेत तेवढेच वाचता येतेत.’

बांधी म्हणजे धानाचं शेत आणि धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. बाजूवाल्याचा नांगर दरवर्षी धुऱ्याचा लचका तोडत होता आणि धुरा यांच्या शेतात सरकत होता. नवरा गेलेली बाई, हाताशी एक पोर, आणि खायला तेवढीच बांधी. ती बांधी एका कागदावर अवलंबून होती आणि तो कागद घरातली एकटीच शिकलेली पोर साधी अक्षरं वेचून वाचत होती. मला हे सगळं त्याच दिवशी समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही.

‘आण तो कागद, बघू,’ मी म्हणालो.

‘माय देत नाई. पेटीत ठेवला. म्हन्ते, घरात वाचनारी पोरगी असून बाहेरच्याले कायले दाखवाचा?’

यावर मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. चालत दहा मिनिटांची वाट. त्याऐवजी मी मास्तरसारखं बोललो. म्हणालो, ‘पुस्तिका पूर्ण कर, मग कुठलाही कागद वाचशील.’ हे खोटं आहे हे मला माहीत होतं. पुस्तिका पूर्ण केलेल्या माणसाला फक्त ती पुस्तिका वाचता आली असती, आणि तीही प्रांजळपासून निष्कपटापर्यंत.

सहाव्या आठवड्यात यादीत ‘हरकत’ आला. ती बाकावरून जवळजवळ उभीच राहिली.

‘सर, हा आमच्या कागदात आहे! हरकत म्हंजे तेच ना?’

साडेचार वाजत आले होते. पाळीवर जायचं होतं.

‘तेच,’ मी म्हणालो.

‘ते’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आज इतकी वर्षं नोकरी करून मागे पाहतो तेव्हा माझ्या सगळ्या चुकांत तो एक शब्द मला सर्वांत जड वाटतो. फळ्यावर मी पुस्तिकेतला अर्थ लिहिला, हरकत म्हणजे आक्षेप. आक्षेप कुणालाच माहीत नव्हता, म्हणून सोपं करायला म्हणालो, ‘आपण म्हणतो ना, काही हरकत नाही? तसंच.’ पण आपण म्हणत नाही. मी म्हणतो. माझ्या गावात कुणी कुणाला आजवर ‘काही हरकत नाही’ म्हणालेलं नाही. तिथं ‘चालते’ म्हणतात, नाहीतर ‘जाऊ दे न’ म्हणतात. त्या मुलांना हरकत माहीत होती ती गोंदियाच्या बाजारातली, टीव्हीवरची, हिंदीतली. ‘क्या हरकत है ये!’ म्हणजे काय ही बदमाशी, हा कसला वाह्यातपणा.

आणि याचा पुरावा त्याच दिवशी माझ्या हातात आला होता. मी सगळ्यांना वाक्य करायला सांगितलं. कृतार्थ उचलणाऱ्या मुलाने लिहिलं, ‘वांदराच्या हरकती पाहून हासू येते.’ मी त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, अर्थ समजून घे. कुणी कुणाचा अर्थ समजून घ्यायला हवा होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तिने मात्र वही पुढे केली आणि मी थक्क झालो. ‘आमची काही हरकत नाही.’ चार शब्द, वेलांट्या जागच्या जागी, अक्षर गोल, शेवटी पूर्णविराम. नऊ वर्षांच्या शाळेत तिने स्वतःच्या मनाने लिहिलेलं हे पहिलं वाक्य असावं. मी ‘शाब्बास’ लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या, वही तिच्या हातात देऊन फोटो काढला आणि धावत पाळीवर गेलो. पाच मिनिटांत अधिकाऱ्यांचा अंगठा आला. रात्री जेवायच्या आधी तो फोटो जिल्ह्याच्या ग्रुपवर फिरत होता आणि खाली लिहिलेलं होतं, ‘याला म्हणतात परिवर्तन.’ मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी परिपाठात माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून उभा होतो, पण कान टवकारलेले होते.

त्यानंतर ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती मिरवतच.

‘सर, तालुक्याले जाऊन आलो. मी न् माय. मोजनीच्या कचेरीत उत्तर देल्लं. म्या सोता लिवलं.’

‘काय लिहिलंस?’

‘तेच. आमची काही हरकत नाही. माय नं अंगठा लावला. तिथला बाबू वाचून म्हने, लय समजदार लोक आहा तुमी.’

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहायला सोपं आहे, पण सरकत होती ती जमीन तिच्या आईची.

मी विचारलं, हरकत म्हणजे तू काय समजलीस? ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. ‘बदमाशी. आमी का धुरा सरकवला का, सर? त्यानं सरकवला. आमची काई हरकत नाई, त्याचीच हरकत आहे. तेच तर साहेबाले सांगाचं होतं.’

त्या दिवशी मी जादा तास घेतला नाही. तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. आईने पेटी उघडली आणि कागद माझ्या हातात न देता मुलीच्या हातात दिला. मुलीने तो माझ्याकडे केला. त्यात लिहिलेलं होतं की सदर गटाच्या हद्दीबाबत आपली हरकत असल्यास ती लेखी स्वरूपात मुदतीत सादर करावी, मुदतीनंतर विचार केला जाणार नाही. मुदत संपायला तीन दिवस होते, त्यातला एक रविवार. आणि या घराने स्वच्छ गोल अक्षरात लिहून दिलं होतं की शेजाऱ्याने धुरा जिथं म्हणेल तिथं नेला तरी आम्हाला चालेल.

‘उद्या परत तालुक्याला जाऊ, एक कागद राहिला आहे,’ एवढंच मी आईला म्हणालो. ती म्हणाली, ‘पोरीनं तर देल्ला न, गुरुजी?’ मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. शब्दांचं वाचन तिला जमत नसेल, चेहऱ्याचं जमत होतं. बाहेर अंगणात आल्यावर तिने हळूच विचारलं, ‘चुकलं का?’ मी तिला तिथं उभ्या उभ्या सांगितलं, हिंदीतली हरकत आणि मराठीतली हरकत. या वेळी आक्षेप वगैरे काही म्हणालो नाही. म्हणालो, मराठीत हरकत म्हणजे ‘आमाले हे मंजूर नाई.’ तिला एका वाक्यात समजलं. सहा आठवडे मी जे करत होतो, त्यापेक्षा हे फारच लवकर झालं.

सकाळी रजा मागायला गेलो तर मुख्याध्यापकांना एकच काळजी होती. ‘आज फोटो कोण टाकणार?’

‘जुनाच टाका,’ मी म्हणालो. तशी सोय असते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

बसमध्ये आई खिडकीशी, मुलगी मध्ये, मी कडेला. धान कापून झालं होतं, दोन्ही बाजूंना बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि नुसते धुरे उठून दिसत होते. आईने एकदाही काही विचारलं नाही. मला वाटतं, तिलाही कळलं होतं, पण मुलीच्या तोंडून ऐकायचं होतं.

कचेरीतल्या बाबूने फाईल उघडून कागद दाखवला. ‘सर, अब इसमें क्या है? लेखी देल्लं, अंगठा आहे. येवढं साफ तर आमचे साहेबबी लिवत नाईत.’ मग मुलीकडे बघून त्याचे डोळे बारीक झाले. ‘हिचाच फोटो आला होता ना ग्रुपवर? परिवर्तनवाला?’

मी म्हणालो, हीच. आणि जे झालं ते सांगितलं. तो आधी हसला. मग आईकडे बघून हसायचा थांबला. मुदत आहे तोवर नवा अर्ज देता येईल, म्हणाला, पण आधीचा मागे का घेता त्याचं कारण लिहा. कारणाशिवाय घेता येत नाही.

मी खिशातून पेन काढलं, कोरा कागद मागितला आणि सुरू केलं. ‘वरील विषयास अनुसरून सविनय...’ तेवढ्यात तिने कागदावर पंजा ठेवला.

‘तुमी राहू द्या, सर. मांगचंबी तुमीच सांगतलं होतं.’

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी पेन तिच्या हातात दिलं आणि बाजूला झालो.

बाकावर बसून, मांडीवर फाईल घेऊन तिने लिहिलं. बराच वेळ लागला. बाबू दोनदा चहा पिऊन आला. तिने मला एकच गोष्ट विचारली, ‘मराठी’ची वेलांटी पहिली की दुसरी. मी सांगितलं, दुसरी. मग तिने तो कागद बाबूसमोर ठेवला आणि बाबूने, सवयीप्रमाणे, मोठ्याने वाचला.

‘आमी आधी लिहून दिलं आमची काही हरकत नाही. ती हरकत हिंदीची होती. आमी धुरा सरकवला नाही असं सांगाचं होतं. आता मराठीची हरकत लिहून राहिलो. आमची हरकत आहे.’

कचेरीत दोघं-तिघं हसले. बाबूने डोकं खाजवलं. ‘सर, हे जरा नीट भाषेत करून द्या ना. साहेबांपुढं ठेवायचं आहे.’

‘कायले?’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ‘काऊन बदलाचं? समजलं नाई का तुमाले?’

मुलीने चमकून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून भर कचेरीत, एका अनोळखी माणसावर ओरडताना निघाला, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. बाबू म्हणाला, ‘समजलं त समजलं.’

आई त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. ‘मंग पयलं चुकलं होतं का व?’

मुलीची मान खाली गेली. पेटीतला कागद तिच्या हातात देणारी, बाहेरच्याला दाखवायला तयार नसलेली ही बाई, आणि तिच्यासमोर त्या पोरीला आता सांगावं लागणार होतं की मला वाचता येत नव्हतं.

‘माजं चुकलं, माय,’ मी म्हणालो. ‘मी तिले चुकीचं सांगतलं. तिनं बरोबर लिवलं होतं.’

आईने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. ‘गुरुजी असून?’ ती म्हणाली. तिला माझी कीव आली असावी. मग तिने अंगठा पुढे केला, बाबूने शाईचा डबा सरकवला, आणि अर्जावर ठसा उमटला.

बाबूने वर शिक्का मारला, तारीख घातली आणि पोच म्हणून दुसरी प्रत मुलीला दिली. ती शिक्क्यातली अक्षरं बोट ठेवून वाचायला लागली. काना, साधं अक्षर, साधं अक्षर. जमलं.

‘आ-व-क. सर, आवक म्हंजे का?’

माझ्या ओठांवर अर्थ आला होता, पुस्तिकेतल्यासारखा, गुळगुळीत. तो मी गिळला.

‘तुले का वाटते?’

तिने थोडा विचार केला. ‘धान खरेदीवर म्हन्तेत, आज आवक लय आहे. म्हंजे धान आला.’ तिने शिक्का पुन्हा पाहिला. ‘मंग आमचा कागद आला. यांच्या दप्तरात आला.’

‘हो,’ मी म्हणालो, ‘आला.’

तिने तो कागद चार घड्या करून आईला दिला. आईने तो पदराच्या टोकात बांधला, आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.